वेम्बलीतील घरची भाषा आणि इंग्रजीचे प्रभुत्व : जनगणना काय मोजते, काय सुटते

वायव्य लंडनमधील वेम्बली जगभर ओळखले जाते ते फुटबॉलच्या मैदानामुळे. त्या मैदानापासून थोड्याच अंतरावरील ईलिंग रोडवर मात्र वेगळे जग भेटते. साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने, फरसाण आणि पानाच्या टपऱ्या, २०१० साली खुले झालेले श्री सनातन हिंदू मंदिर आणि पुढे अल्पर्टनच्या दिशेने श्रीलंकेतील तमिळ भाविकांचे शिवमंदिर. या एका रस्त्यावर गुजराती, तमिळ, हिंदी आणि इंग्रजी सहज कानी पडतात, आणि त्यांत अधूनमधून मराठीही असते.

वेम्बली ज्या ब्रेंट बरोमध्ये येते, तेथील रहिवाशांपैकी ५६.१ टक्के लोकांचा जन्म ब्रिटनबाहेर झाल्याची नोंद २०२१ च्या जनगणनेत आहे. इंग्लंड आणि वेल्समधील कोणत्याही स्थानिक प्रशासन क्षेत्रापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. अशा ठिकाणी घरात कोणती भाषा बोलली जाते आणि इंग्रजी कितपत येते, हे प्रश्न कुतूहलापुरते राहत नाहीत. रुग्णालयातील दुभाष्यांची सोय, प्रौढांसाठीचे इंग्रजीचे वर्ग, शाळांचे नियोजन आणि कौन्सिलची पत्रके या साऱ्यांसाठी या आकड्यांचा आधार घेतला जातो. म्हणूनच ते कसे गोळा होतात, त्यांतून काय दिसते आणि काय निसटते, हे परदेशस्थ मराठी वाचकांनी समजून घेण्याजोगे आहे.

वेम्बलीत भाषा कशा आल्या

१९२४ आणि १९२५ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा वेम्बली हे लंडनच्या कडेचे उपनगर होते. १९६५ मध्ये वेम्बली आणि विल्सडेन या दोन नगरपालिका एकत्र करून ब्रेंट बरो निर्माण झाला. त्याच दशकाच्या अखेरीस या परिसराचा भाषिक चेहरा बदलू लागला. स्वतंत्र केनियातील आफ्रिकीकरणाच्या धोरणामुळे तेथील भारतीय वंशाचे लोक ब्रिटनकडे येऊ लागले. १९६८ च्या कायद्याने त्यांच्या येण्यावर मर्यादा घातल्या. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला आणि त्यांपैकी सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरप्रमाणेच वेम्बली आणि हॅरो ही त्यांची वस्तीची ठिकाणे ठरली.

या कुटुंबांच्या घरची भाषा प्रामुख्याने गुजराती होती, पण त्यांतील अनेकांनी पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश अमदानीतल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकलेले होते. स्वाहिलीही बहुतेकांना येत असे. म्हणजे वेम्बलीतील पहिली मोठी भारतीय वस्ती आरंभापासूनच बहुभाषिक होती. मात्र इंग्रजी अस्खलित नसलेला माणूस मुका असतो, अशी समजूत कारखान्यांच्या मालकांत होती. १९७६ ते १९७८ या काळात डॉलिस हिल स्थानकाजवळच्या ग्रनविक या छायाचित्रे धुण्याच्या कारखान्यात झालेल्या संपाने त्या समजुतीला मोठा धक्का दिला. जयाबेन देसाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांपैकी बहुतेकींची मातृभाषा गुजराती होती. तरीही साडी नेसलेल्या या स्त्रियांनी देशभरच्या कामगार संघटनांसमोर उभे राहून आपली बाजू मांडली.

त्यानंतर श्रीलंकेतील यादवीतून आलेले तमिळ, सोमालियातील निर्वासित, पोलंड व रोमानियातून आलेले कामगार आणि पोर्तुगीज पासपोर्ट असलेले गोवा, दमण व दीवचे लोक अशा नव्या वस्त्यांची भर पडली. मराठी माणसाचे या भागाशी नाते जुने आहे. न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू डॉलिस हिल लेनवर, म्हणजे याच ब्रेंट बरोमध्ये आहे. तरीही ब्रेंटच्या भाषांची चर्चा निघते तेव्हा मराठीचा उल्लेख क्वचितच होतो. त्यामागे मराठी माणसांची कमी संख्या हे एक कारण आहे. दुसरे कारण प्रश्नावलीच्या रचनेत आहे.

जनगणना नेमके काय विचारते

इंग्लंडमधील जनगणनेत भाषेचा प्रश्न पहिल्यांदा २०११ मध्ये आला. त्याआधी वेल्समध्ये वेल्श भाषेविषयी आणि स्कॉटलंडमध्ये गेलिकविषयी प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून विचारले जात होते, पण इंग्लंडच्या घरांतील इतर भाषांची नोंद होत नव्हती. २०११ आणि २०२१ या दोन्ही वेळी प्रश्न असा होता : तुमची मुख्य भाषा कोणती? उत्तरासाठी दोन पर्याय होते. पहिला इंग्रजी, त्यावर खूण करायची. दुसरा इतर, त्यापुढे भाषेचे नाव लिहायचे. तीन वर्षे आणि त्यावरील प्रत्येक रहिवाशासाठी एकच भाषा नोंदली जाते.

इंग्रजीव्यतिरिक्त भाषा लिहिणाऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारला जातो : तुम्हाला इंग्रजी कितपत बोलता येते? त्याची उत्तरे चार : फार चांगली, चांगली, नीट येत नाही, अजिबात येत नाही. सांख्यिकी कार्यालय पहिल्या दोन गटांना मिळून ‘इंग्रजीत प्रवीण’ मानते. ही कोणतीही परीक्षा नाही. माणसाने स्वतःविषयी किंवा कुटुंबप्रमुखाने इतरांविषयी दिलेले ते मत असते.

या रचनेचे दोन परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. ज्याने इंग्रजीवर खूण केली, त्याला आणखी कोणती भाषा येते, हे विचारलेच जात नाही. त्याच्या घरात रोज गुजराती किंवा मराठी बोलली जात असली, तरी कागदावर तो एकभाषिक ठरतो. आणि बोलण्याचे कौशल्य विचारले जात असले, तरी वाचणे व लिहिणे विचारले जात नाही. संभाषण जमणारी पण रुग्णालयाचे पत्र वाचता न येणारी व्यक्ती ‘प्रवीण’ गटात जाते.

आकडे काय सांगतात

२०११ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ४२ लाख लोकांनी इंग्रजीखेरीज (वेल्समध्ये वेल्शखेरीजही) अन्य मुख्य भाषा नोंदवली. त्यांपैकी ७ लाख २६ हजार लोकांना इंग्रजी नीट येत नव्हते आणि १ लाख ३८ हजार लोकांना अजिबात येत नव्हते. २०२१ मध्ये मुख्य भाषा इंग्रजी किंवा वेल्श असलेल्यांचे प्रमाण ९२.३ टक्क्यांवरून ९१.१ टक्क्यांवर आले. इंग्रजी नीट न येणारे ८ लाख ८० हजार, तर अजिबात न येणारे १ लाख ६१ हजार झाले. अन्य भाषा सांगणाऱ्यांची एकूण संख्या वाढली असल्याने त्यांतील अप्रवीणांचे प्रमाण दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच, म्हणजे दर पाचांत एक असे राहिले. याचाच अर्थ अन्य भाषा नोंदवणाऱ्या दर पाचांपैकी चौघांना इंग्रजी चांगले येते.

ब्रेंटमध्ये २०११ साली सुमारे ३७ टक्के रहिवाशांची मुख्य भाषा इंग्रजी नव्हती. लंडनच्या बरोंमध्ये न्यूहॅमनंतर हे प्रमाण सर्वाधिक होते. त्या भाषांमध्ये गुजराती पहिली होती. बरोच्या सुमारे ८ टक्के लोकांनी ती मुख्य भाषा म्हणून लिहिली होती.

गुजरातीचा देशभरातील प्रवास विशेष बोलका आहे. इंग्लंड व वेल्समध्ये गुजराती मुख्य भाषा असणाऱ्यांची संख्या २०११ मधील सुमारे २ लाख १३ हजारांवरून २०२१ मध्ये सुमारे १ लाख ८९ हजारांवर आली. याच दहा वर्षांत स्वतःला वंशाने भारतीय म्हणवणाऱ्यांची संख्या १४ लाखांवरून सुमारे १९ लाखांपर्यंत वाढली. नव्याने आलेल्यांमध्ये इतर राज्यांतील लोक बरेच असल्याने ही तुलना सरळसोट नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. आफ्रिकेतून आलेली पिढी वृद्ध होऊन निघून जात आहे, आणि त्यांची मुले-नातवंडे ‘मुख्य भाषा’ म्हणून इंग्रजीवर खूण करत आहेत. त्यांना आजीशी गुजरातीत बोलता येते की नाही, हे जनगणना सांगू शकत नाही.

मातृभाषा, घरची भाषा आणि मुख्य भाषा

भारतात वाढलेल्या वाचकाला ‘मुख्य भाषा’ ही संज्ञा अनोळखी वाटते, कारण भारतीय जनगणना मातृभाषा विचारते. तिची व्याख्याही नेमकी आहे : बालपणी आईने त्या व्यक्तीशी बोलण्यासाठी वापरलेली भाषा, आई बालपणीच वारली असल्यास त्या काळी घरात प्रामुख्याने बोलली जाणारी भाषा. याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. २०११ च्या भारतीय जनगणनेत मराठी भाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. त्याच जनगणनेत इंग्रजी मातृभाषा असलेले जेमतेम २ लाख ६० हजार होते, पण दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे सुमारे १२ कोटी ९० लाख होते. भारताने ब्रिटनसारखा एकच रकाना ठेवला असता, तर हे जवळजवळ तेरा कोटी लोक इंग्रजीच्या हिशेबात आलेच नसते.

इतर देशांनी वेगळे मार्ग निवडले. अमेरिकेत घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते का, ती कोणती आणि इंग्रजी कितपत येते, असे तीन प्रश्न क्रमाने येतात. तेथे ‘फार चांगली’ याखालील प्रत्येक उत्तर मर्यादित इंग्रजीत मोडते. म्हणजे ‘चांगली’ असे उत्तर देणारी व्यक्ती लंडनमध्ये प्रवीण गणली जाते, पण न्यू जर्सीत मर्यादित इंग्रजी येणाऱ्यांत जाते. कॅनडा मातृभाषा आणि घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा अशा दोन्ही गोष्टी विचारतो. आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया घरातील भाषेवर भर देतात. खुद्द ब्रिटनमध्येही स्कॉटलंडने २०११ मध्ये घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा वापरता, असाच प्रश्न ठेवला होता.

यामुळे देशादेशांतील आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. सिडनीतील मराठी घरे मोजली जातात आणि वेम्बलीतील निसटतात, याचा अर्थ वेम्बलीत मराठी कमी बोलली जाते असा होत नाही.

एक घर, तीन नोंदी

ही निसटण कशी होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वेम्बली पार्कमधील एका सदनिकेत पुण्याहून आलेले जोडपे राहते. दोघेही दिवसभर इंग्रजीत काम करतात, घरी मराठीत बोलतात. सात वर्षांची मुलगी आई-बाबांचे मराठी समजते, उत्तर मात्र अर्धे इंग्रजीत देते. मुलीची आजी सहा महिन्यांसाठी आलेली आहे.

जनगणनेच्या अर्जावर ‘मुख्य भाषा’ वाचताना हे जोडपे बहुधा इंग्रजीवर खूण करील. दहा-दहा तास त्याच भाषेत काम केल्यावर तीच मुख्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय ‘इतर’ लिहिल्यास आपले इंग्रजी कच्चे समजले जाईल, अशी सुप्त शंकाही असते. मुलीसाठीही तीच खूण होते. आजी तर कायम रहिवाशांच्या मोजणीत येतच नाहीत, कारण बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ राहणाऱ्यांनाच कायम रहिवासी धरले जाते. जनगणनेच्या लेखी या घरात मराठी नाही.

शाळेच्या लेखी मात्र ती आहे. इंग्लंडमधील शाळांच्या नोंदीत, घरात इंग्रजीहून वेगळी भाषा कानांवर पडणाऱ्या मुलाला ‘इंग्रजी ही अतिरिक्त भाषा’ असलेला विद्यार्थी म्हणतात. देशभरात असे विद्यार्थी दर पाचांत एकाहून किंचित अधिक आहेत. तीच मुलगी जनगणनेत इंग्रजी भाषक आणि शाळेत अतिरिक्त भाषावाली ठरते. दोन्ही नोंदी नियमाप्रमाणे बरोबर आहेत.

तिसरी नोंद कुठेच होत नाही. आजींना रात्री छातीत दुखू लागले आणि त्यांना नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यावे लागले, तर डॉक्टरांना मराठी दुभाषी लागेल. त्या गरजेचा अंदाज बांधायला कोणताही आकडा उपलब्ध नसतो. २०१२ च्या जुलैपासून वृद्ध आई-वडिलांना कायम वास्तव्यासाठी आणण्याचे नियम अत्यंत कडक झाल्याने मराठी घरांतील बहुतेक ज्येष्ठ पाहुण्यांच्या व्हिसावरच येत-जात राहतात. त्यामुळे ज्यांना इंग्रजीची अडचण सर्वांत जास्त, तेच या मोजणीबाहेर असतात.

इंग्रजी न येण्याची किंमत

२०११ च्या जनगणनेच्या विश्लेषणात सांख्यिकी कार्यालयाला आढळले, की अन्य मुख्य भाषा असलेल्यांत इंग्रजीत प्रवीण असणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगितले, तर अप्रवीणांपैकी केवळ ६५ टक्क्यांनी. अप्रवीण गटात वयस्कर लोक जास्त असतात, हे त्याचे एक कारण आहे. पण डॉक्टरांशी नीट बोलता न येणे आणि आजार उशिरा लक्षात येणे यांचा संबंध वैद्यकीय क्षेत्राला चांगलाच ठाऊक आहे. या अप्रवीण गटात सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. लग्न करून आलेल्या, घर आणि मुले यांत वर्षे गेलेल्या, नोकरीमुळे भाषा शिकण्याची संधी न मिळालेल्या स्त्रियांचे चित्र त्या आकड्यामागे आहे.

कोविडच्या पहिल्या लाटेत, मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत, ब्रेंटचा वयमानानुसार समायोजित कोविड मृत्युदर इंग्लंड व वेल्समधील सर्व स्थानिक क्षेत्रांत सर्वाधिक होता. तो दर लाखामागे सुमारे २११ होता. दाटीची घरे, घराबाहेर पडावेच लागणाऱ्या नोकऱ्या, मधुमेहासारखे आजार अशी अनेक कारणे त्यामागे होती. भाषेला एकटीला दोष देता येणार नाही. पण रोज बदलणाऱ्या सूचना ज्या घरांत केवळ मुलांच्या तोंडून पोहोचतात, तेथे गैरसमजाला वाव अधिक राहतो.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. २०११ मध्ये इंग्लंड व वेल्समधील १ लाख ८२ हजार घरांत एकाही प्रौढाची मुख्य भाषा इंग्रजी नव्हती, पण किमान एका मुलाची होती. आणखी सुमारे १० लाख घरांत कोणाचीच मुख्य भाषा इंग्रजी नव्हती. अर्थात त्यांतील अनेक प्रौढांना इंग्रजी चांगले येते. पण जेथे येत नाही, तेथे बँकेचे पत्र, घरमालकाची नोटीस आणि आईच्या तपासणीचा अहवाल वाचून दाखवण्याची जबाबदारी दहा-बारा वर्षांच्या मुलावर पडते. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मार्गदर्शक सूचना याच कारणाने सांगतात, की दुभाषी म्हणून नातेवाइकांना, विशेषतः मुलांना वापरू नये. प्रशिक्षित दुभाषी द्यावा आणि त्याचा खर्च रुग्णावर टाकू नये. मराठीसाठीही अशी मागणी करता येते. भेटीची वेळ ठरवतानाच ती नोंदवणे सोयीचे पडते.

शाळेतील मूल : शिक्का आणि प्रगती

‘अतिरिक्त भाषा’ हा शिक्का एकदा बसला, की तो संपूर्ण शालेय आयुष्यात कायम राहतो. काल विमानातून उतरलेले मूल आणि वेम्बलीतच जन्मलेले, इंग्रजीत कविता लिहिणारे मूल एकाच गटात मोजले जाते. ही त्रुटी ओळखून शिक्षण खात्याने २०१६ मध्ये इंग्रजीच्या प्रभुत्वाची पाच टप्प्यांची श्रेणी शाळांकडून मागवायला सुरुवात केली, पण २०१८ मध्ये ही सक्ती काढून घेतली. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या स्टीव्ह स्ट्रँड आणि अॅनिना हेसेल यांनी काही स्थानिक प्रशासनांच्या आकड्यांवरून दाखवले, की अतिरिक्त भाषा असलेल्या मुलांच्या यशातील सुमारे २२ टक्के फरक इंग्रजीच्या प्रभुत्वाच्या पातळीने स्पष्ट होतो; लिंग, वंश आणि मोफत जेवणाची पात्रता यांनी मिळून जेमतेम तीन-चार टक्के फरक स्पष्ट होतो.

मराठी पालकांसाठी याचा अर्थ सरळ आहे. घरात मराठी बोलणे ही मुलाच्या प्रगतीतील अडचण नाही. शाळेत इंग्रजीवर हुकूमत आहे की नाही, ते महत्त्वाचे. म्हणून मुलाचे इंग्रजी सुधारावे या भीतीने घरातून मराठी हद्दपार करण्याचे कारण उरत नाही.

गुजरातीला येथे एक आधार आहे, तो म्हणजे जीसीएसई परीक्षेत गुजराती विषय. काही लहान भाषांचे विषय बंद करण्याची तयारी परीक्षा मंडळांनी केली होती, परंतु समाजाच्या दबावानंतर २०१६ मध्ये ते चालू ठेवण्याचा निर्णय झाला. मराठी जीसीएसईच्या यादीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा लंडनमध्ये आनंदही झाला. पण ब्रिटनच्या परीक्षा पद्धतीत त्या दर्जाने काही बदलत नाही. तेथे मागणी दाखवावी लागते, आणि मागणी दाखवण्यासाठी संख्या लागते.

पासपोर्ट तपासतो, भाषा नव्हे

इंग्रजीची अट कोणाला लागू होते, हेही तितकेच विसंगत आहे. २०१० च्या नोव्हेंबरपासून जोडीदार म्हणून येणाऱ्यांना प्राथमिक पातळीची इंग्रजी परीक्षा द्यावी लागते. कायम वास्तव्यासाठी त्याहून वरची पातळी आणि ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा आवश्यक असते. कुशल कामगारांच्या व्हिसासाठी नव्या अर्जदारांकडून जानेवारी २०२६ पासून बी-१ ऐवजी बी-२ पातळी अपेक्षित आहे. भारतातून इंग्रजी माध्यमातील पदवी घेतलेल्यांना तिची खातरजमा करून घेऊन परीक्षेतून सूट मिळू शकते.

याउलट १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेले लोक आणि त्यांचे वंशज पोर्तुगालच्या कायद्यानुसार तेथील नागरिकत्व नोंदवू शकतात. ब्रेक्झिटपूर्वी असा पासपोर्ट असलेले लोक युरोपीय नागरिक म्हणून वेम्बलीत आले आणि त्यांना इंग्रजीची कोणतीही परीक्षा द्यावी लागली नाही. घरात कोकणी, गुजराती किंवा मराठी बोलणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एकाने परीक्षा दिली आणि दुसऱ्याने दिली नाही, हे केवळ पासपोर्टच्या रंगाने ठरले. इंग्रजी शिकण्याची गरज मात्र पासपोर्ट पाहून ठरत नाही.

भाषांतर की वर्ग?

या प्रश्नावर ब्रिटनमध्ये दोन मते आहेत. २०१३ मध्ये तत्कालीन मंत्री एरिक पिकल्स यांनी कौन्सिलांनी परभाषांतील छापील भाषांतरे थांबवावीत, असे सांगितले. भाषांतरामुळे इंग्रजी शिकण्याची निकड कमी होते, असा त्यांचा मुद्दा होता. २०१६ च्या केसी अहवालानेही समाजाच्या एकजुटीसाठी सामायिक भाषेवर भर दिला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की भाषा शिकायला वर्षे लागतात आणि आजार किंवा न्यायालयाची तारीख तोवर थांबत नाही.

प्रत्यक्षात दोन्ही लागतात. लंडनमधील प्रौढ शिक्षणाचा निधी २०१९ पासून महापौरांकडे आला आहे. ब्रेंटमध्ये कौन्सिलची ‘ब्रेंट स्टार्ट’ ही सेवा आणि कॉलेज ऑफ नॉर्थ वेस्ट लंडन प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग चालवतात. व्हिसाच्या प्रकारानुसार शुल्क बदलते. जोडीदाराच्या व्हिसावर नव्याने आलेल्यांना सवलतीसाठी काही काळ थांबावे लागू शकते. नेमकी ज्या काळात शिकण्याची उमेद सर्वाधिक असते, त्याच काळात ही अडचण येते.

पुढच्या मोजणीपूर्वी

ब्रिटनमधील पुढची जनगणना २०३१ मध्ये होणार आहे. ‘मुख्य भाषा’ या संज्ञेचा अधिकृत अर्थ व्यक्तीची पहिली किंवा पसंतीची भाषा असा आहे. कार्यालयात सर्वाधिक तास वापरली जाणारी भाषा, असा तो नाही. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्याने मराठी लिहिणे पूर्णपणे नियमाला धरून आहे. पुढच्या प्रश्नात ‘फार चांगली’ असे उत्तर दिले, की तो इंग्रजीत प्रवीण म्हणूनच गणला जातो. जनगणनेतील वैयक्तिक माहिती शंभर वर्षे गोपनीय राहते आणि व्हिसाच्या निर्णयांसाठी ती वापरली जात नाही.

तोपर्यंत काही नोंदी आजही करता येतात. मुलाच्या शाळेच्या अर्जावर घरची भाषा म्हणून मराठी लिहिता येते. स्थानिक डॉक्टरांच्या दवाखान्यात आपल्यासोबत राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंदणी करताना त्यांची भाषा आणि दुभाष्याची गरज सांगता येते. या प्रत्येक नोंदीने मराठीची गरज त्या त्या संस्थेच्या दप्तरी येते. वेम्बलीच्या गुजरातीला आज जी ग्रंथालये, परीक्षा आणि सेवा लाभल्या आहेत, त्या केवळ लोकसंख्येने आलेल्या नाहीत. आपली भाषा कागदावर लिहिण्याचा आणि तिच्यासाठी मागणी करण्याचा संकोच त्या समाजाने केला नाही, हेही त्याचे कारण आहे. मराठी घरांना तो मार्ग २०३१ च्या अर्जावरील एका रकान्यापासून सुरू करता येईल.